ब्रेकचा आकडा

उद्यमबागेतल्या आमच्या कंपनीत मला तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा एके सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "त्या हेडर फाइली एकदा नीट लावून टाक." पाहुणे यायच्या आधी कपाट लावून टाक म्हणावं, तशा सुरात. मी गंभीर चेहरा करून हो म्हणाले, बाहेर आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या एकटीच हसायला लागले. ह्या एका वाक्याची मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होते.

कंपनी म्हणजे दोन मजले. खाली बोर्ड जोडायचे, वर आम्ही प्रोग्राम लिहायचा. शेजारी फाउंड्री, त्यामुळं दुपारी खिडकीची काच थरथरते आणि चहावर काळी कीट बसते. आम्ही पॉवरलूमचे बोर्ड बनवतो. मागावर धागा तुटला किंवा आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा धोटा अडकला की बोर्ड माग थांबवतो आणि समोरच्या छोट्या पॅनेलवर एक आकडा दाखवतो, म्हणजे विणणाऱ्याला कळावं की कशानं थांबलं. हे सगळं चालवणारी लायब्ररी सी भाषेत आहे, आणि गेली कित्येक वर्षं जो इंजिनियर आला त्यानं ती आपापल्या मर्जीनं वाढवत नेलेली.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लायब्ररीतलं एकेक फंक्शन म्हणजे कामाला पाठवलेला माणूस. परत येताना तो एकच आकडा घेऊन येतो. काम झालं का, आणि झालं नसेल तर का नाही, हे त्या आकड्यावरून ओळखायचं. कुठल्या आकड्याचा काय अर्थ, ते हेडर फाइलींत लिहून ठेवायचं, म्हणजे सगळ्यांनी एकच अर्थ घ्यावा. आमच्याकडं अशा चौदा फाइली होत्या आणि चौदा तऱ्हा.

एका फाइलीत शून्य म्हणजे ठीक. दुसरीत एक म्हणजे ठीक. तीन ह्या आकड्याचे तर चार अर्थ होते, त्यातला एक 'मोटर तापली' आणि दुसरा 'बटण सोडलं'. एका महाभागानं काहीही बिघडलं तरी उणे एक परत करायचं ठरवलेलं. काय बिघडलं? ते विचारायचं नाही. उणे एक. मला ह्या माणसाचा इतका राग यायचा की तो कंपनी सोडून बंगळूरला गेला तरी माझं त्याच्याशी मनातल्या मनात भांडण चालू असायचं.

ह्या गोंधळाचा खरा त्रास आमच्या अण्णांना. अण्णा म्हणजे काकतीहून मोटरसायकलवर येणारे, गावोगावच्या शेडमध्ये जाऊन बोर्ड बसवणारे आणि दुरुस्त करणारे गृहस्थ. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. गिऱ्हाइकाचा फोन आला की त्यांचं ठरलेलं बोलणं मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं.

"तीन आलंय? आदी काय केल्यालं? बटण दाबल्यालं काय? मग त्ये तीन न्हवं, दुसरं तीन हाय त्ये."

तर मी सुरुवात केली. आणि सांगते, असं सुख मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालेलं नाही. चौदाही फाइली छापून टेबलावर पसरल्या, चार रंगांची पेनं घेतली आणि एकेक आकडा उचलून विचारत सुटले, तू कुणाचा, तुझं खरं काम काय, तुझा जुळा भाऊ कुठल्या फाइलीत आहे. दोन दिवसांत माझ्या पंजाबीच्या ओढणीवर चारही रंग लागले. जेवणाची सुट्टी संपली तरी डबा उघडलेला नसायचा. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायला लागले की ही बाई कागदांशी काय बोलते.

पहिला नियम मी ठरवला तो शून्याचा. सगळं ठीक असेल तर शून्य, कुठल्याही फाइलीत, कुठल्याही फंक्शनात. ठीक असायची तऱ्हा एकच असते आणि बिघडायच्या शंभर, म्हणून ठीकला शून्य द्यायचं आणि बाकीचे सगळे आकडे बिघाडांना ठेवायचे. हे पुस्तकातही असतं, पण मला ते पुस्तकाच्या आधीपासून माहीत होतं. मी वडगावची, मागावाल्यांच्या घरची. घरामागच्या शेडमध्ये चार माग. दोन आई चालवते, दोन शेजारच्या आक्कांना चालवायला दिलेत. आक्का कन्नड बोलतात, आई मराठी, आणि माग चालू असले की दोन्ही भाषा सारख्याच निरुपयोगी. तिथं हातानं बोलायचं. लांबून मूठ दाखवली की समजायचं, सगळं ठीक चाललंय. एकही बोट वर नाही, म्हणजे काही अडचण नाही. मूठ म्हणजे शून्य, हे लक्षात आलं तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की उठून चहा घेऊन आले. तिथं आणखी थोडा वेळ विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

आईचं सांगायला हवं. तीस वर्षांच्या खडखडाटानं तिचे कान जवळजवळ गेलेत. अगदी समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोललं तर कळतं. आणि तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वाकत नाही. मी चौथीत असताना माग थांबला असं समजून तिनं हात घातला, पण ब्रेकनं धरलं नव्हतं, आणि धागा ठोकणारी फणीची चौकट अर्धा हात पुढं सरकली. बोट वाचलं, सांधा गेला. तेव्हा असे बोर्ड नव्हते. त्यानंतर तिनं मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. कॅम्पातल्या शाळेत घातलं आणि सांगितलं, तुझे हात वहीवर चालू देत. मी इंजिनियर झाले, मागांचे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत लागले, त्याचं मूळ त्या बोटात आहे. हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मला घबाड मिळालं. आमच्या बोर्डांबद्दल सगळ्यांची एक तक्रार जुनी होती. माग कधीमधी उगीचच थांबतो. धागा शाबूत, धोटा जागेवर, तरी थांबतो. शेडमध्ये त्याला 'खोटं थांबणं' म्हणत. आईच्या मागावरही व्हायचं आणि ती घरी येऊन मलाच बोल लावायची, तुमच्या डब्याला झोप येते म्हणून. अण्णांनी वायरी बदलल्या, साहेबांनी सेन्सर बदलले. आणि ते भूत माझ्या समोरच्या कागदावर बसलेलं होतं. पॅनेलच्या फाइलीत एक म्हणजे 'ठीक'. मुख्य फाइलीत एक म्हणजे 'बाणा तुटला', आडवा धागा तुटला. पॅनेलचं बटण दाबल्यावर क्वचित एखाद्या वेळी तो 'ठीक'चा एक मुख्य प्रोग्रामच्या हातात पडायचा आणि तो बिचारा बाणा तुटला समजून माग थांबवायचा. मी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले आणि खाली जाऊन अण्णांच्या हातातली सोल्डरिंगची गन काढून घेतली.

"अण्णा, सापडलं. खोटं थांबणं सापडलं."

अण्णांनी आधी गन परत घेतली, स्टँडवर ठेवली, मग विचारलं, "कुटं?" मी कागद दाखवला. त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवून सावकाश वाचलं. "म्हंजे ह्यो म्हणतोय बरं हाय, आनी त्यो ऐकतोय मोडलं?"

"व्हय."

"माझ्या धा वर्साचं पेट्रोल गेलं की गं ह्याच्यापायी," ते म्हणाले, आणि नंतर दिवसभर भेटेल त्याला मी कशी हुशार आहे ते सांगत फिरले. मी मुद्दाम दोन-तीनदा खाली जाऊन आले.

ह्या यशानं मी जमिनीवर राहिले नाही हे कबूल करते. आता मी आकड्यांची क्रमवारी लावायला घेतली. सगळ्यात जुनी, सगळ्यात पहिली हेडर फाइल समोर होती. त्यात पाचच बिघाड, एका खाली एक, ते असे: बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपत आला, चार. बाणा तुटला, एक. ब्रेक धरत नाही, पाच. ताणा (उभा धागा) तुटला, दोन. धोटा अडकला, तीन. ना क्रम, ना टीप, ना कुणी लिहिलं त्याचं नाव. मला संताप आला. माणसाच्या हातावर बेतू शकतं असा एकच बिघाड ह्या यादीत, आणि त्याला शेवटचा नंबर? बाणा तर दिवसातून पन्नास वेळा तुटतो, त्याला पहिला? "ज्यानं कुणी हे लिहिलंय, त्यानं माग लांबून तरी बघितलाय का?" मी मोठ्यानं म्हणाले. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं.

मी ठरवलं, सगळ्यात धोक्याचं ते सगळ्यात आधी. ब्रेक धरत नाही, ह्याला एक. आईच्या बोटाला मी पहिला नंबर दिला. ती ओळ टाइप करताना मला जरा भरूनच आलं. मग मोटर दोन, बीम तीन, ताणा चार, धोटा पाच, बाणा सहा, आणि पुढं बाकीचे सगळे ओळीनं. एक आकडा, एक अर्थ. प्रत्येक बिघाडाला एक नाव दिलं, आणि चौदा फाइलींत जिथं जिथं उघडा आकडा लिहिलेला होता तो काढून तिथं ते नाव घातलं. आकडे आता फक्त एकाच फाइलीत, एकाच यादीत राहिले. कंपाइल केलं, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवायला दिलं, तर पहिल्यांदा स्क्रीन भरून चुका. एकेक निस्तरत गेले. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची चूक गेली आणि खाली एकही लाल ओळ राहिली नाही. मी टेबलावर ताल धरला.

अण्णांना यादी दाखवली तर त्यांनी मान हलवली, पण पूर्ण नाही.

"ब्येस हाय. पर लोकांच्या हाताला जुनं आकडं बसल्यात."

"मराठीत आणि कन्नडमध्ये तक्ता छापतोय ना अण्णा. भिंतीवर चिकटवायचा, झालं."

"हाताला म्हंतो मी," अण्णा म्हणाले. "डोळ्याला न्हवं."

मी हसून सोडून दिलं. सोमवारी नव्या लायब्ररीचे पहिले बोर्ड निपाणीकडं जायचे होते, एका शेडमध्ये सगळ्या मागांना एकदम. त्याआधी एक बोर्ड खऱ्या मागावर चालवून बघायचा होता, आणि मी हट्ट धरला की तो आमच्याच शेडमध्ये, आईच्या मागावर बसवायचा. खोटं थांबणं गेलेलं तिनं बघावं, एवढीच माझी हौस होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. अण्णांनी बोर्ड बसवला. मी तक्ता भिंतीवर लावला, आईला समोर उभं करून सावकाश बोलून सांगितलं की आकडे बदललेत, इथं लिहिलेत. तिनं तक्त्याकडं लांबच्या नात्यातल्या लग्नपत्रिकेकडं बघतात तसं बघितलं, मान डोलावली आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्यांची पाटी ओढून कामाला लागली. चारही माग चालू झाले. इतक्या वर्षांनी शेडच्या मधोमध उभी राहून मला पायाखालची फरशी हलताना जाणवत होती आणि फार बरं वाटत होतं. तासभर झाला. पॅनेलची बटणं मी पन्नासदा दाबली, एकदाही खोटं थांबणं आलं नाही. मी अण्णांना मूठ दाखवली, अण्णांनी मला.

मग धोटा अडकला. माग थांबला, पॅनेलवर पाच आला. आई झटकन हात मागं घेऊन दोन पावलं सरकली आणि उभी राहिली. काहीच करेना. मला वाटलं नव्या डब्याला बिचकली. मी पुढं जाऊन धोटा दाखवला, तक्ता दाखवला. तिनं माझ्याकडं जरा विचित्र बघितलं, धोटा सोडवला, माग चालू केला. मला थोडी चीडच आली. तक्ता इतका मोठ्या अक्षरात छापलेला होता.

शेवटची चाचणी ब्रेकची. ब्रेक खरोखर बिघडवायचा नव्हता. अण्णांनी ब्रेकच्या सेन्सरची वायर काढायची, म्हणजे बोर्डाला वाटेल की ब्रेक धरत नाही. आईला आम्ही काही सांगितलं नाही, कारण रोजच्या कामात ती काय करते ते बघायचं होतं. अण्णा मागाच्या मागं गेले. माग थांबला. पॅनेलवर एक उमटला.

आईनं तो नीट बघितलाही नसेल. आकडा यायला आणि तिचा उजवा हात आत जायला एकच वेळ. कांडी डाव्या हातात तयार, उजवा हात धोट्याकडं, फणीच्या चौकटीसमोरून, रोज पन्नास वेळा जातो तसा. मी ओरडले. ब्रेक ठीक आहे, वायर आम्हीच काढली आहे, हे मला माहीत होतं, तरी ओरडले. तीन माग चालू होते आणि आईला तसंही ऐकू येत नाही. पुढं काय झालं ते मी ठरवून केलं नाही. माझा हात आपोआप वर गेला, पाचही बोटं ताठ, पंजा तिच्याकडं. चौथीनंतर मी ती खूण कुणाला दाखवली नव्हती. आईला कोपऱ्यातल्या नजरेनं तो पंजा दिसला आणि तिचा हात वाटेतच थांबला. ती दोन पावलं मागं सरकली. मघाशी पाचावर सरकली होती तशीच, तेवढीच.

मी माझ्या हाताकडं बघितलं. पाच बोटं. पाच.

अण्णांनी माग पुरता बंद केला. मी आईसमोर गेले आणि एक बोट वर केलं. तिनं हवेत आडवा धागा ओढून तोडल्यासारखं केलं. बाणा. दोन बोटं. तिनं उभा धागा दाखवला. ताणा. तीन बोटांना तिनं एका हाताच्या मुठीत दुसरा हात अडकवून दाखवला, चारला बीम फिरतो तसा हात गोल फिरवला. पाचला काही दाखवलं नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली, ह्या पोरीला आज झालंय काय म्हणून. पलीकडून आक्काही बघत होत्या. त्यांना विचारलं तर त्यांनीही तेच दाखवलं, त्याच क्रमानं. मी सहा वर्षांची व्हायच्या आत हे शिकले होते. आणि त्या जुन्या फाइलीतले आकडे चार दिवस माझ्या टेबलावर होते, मी त्यांच्यावर लाल पेनानं फुल्या मारल्या होत्या, आणि आईची बोटं मला ओळखू आली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी कांड्यांच्या पाटीवरच बसले आणि दोन-तीन कांड्या चेपल्या.

ब्रेक ठीक होता, कारण वायर काढलेली मला ठाऊक होती. निपाणीच्या शेडमध्ये ते कोण सांगणार होतं? तिथंही आमचे जुने बोर्ड होते आणि एक दिसला की हात आत घालायची सवय तिथल्या हातांनाही होती. ज्या बिघाडाला माणूस लांब राहावा म्हणून मी पहिला नंबर दिला, त्या नंबरावर हात सगळ्यात लवकर आत जात होता.

"अण्णा, गाडी काढा," मी म्हणाले.

वडगावहून उद्यमबागेपर्यंत मी मागं बसून एकच वाक्य घोकत होते. वर गेले, दार न वाजवता केबिनमध्ये शिरले. "साहेब, ती पहिली हेडर फाइल कुणी लिहिली?"

साहेबांनी चष्मा काढला. "मीच. का?"

मला ते परवाचं माझंच वाक्य आठवलं, माग लांबून तरी बघितलाय का. त्यांनी ते ऐकलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पहिला बोर्ड बनवायच्या आधी ते पंधरा दिवस वडगावच्या शेडमध्ये जाऊन बसत होते, असं त्यांनी सांगितलं. आवाजात काही विचारता यायचं नाही, मग बायका एकमेकींना काय बोटं दाखवतात ते वहीत उतरवलं आणि तेच आकडे बोर्डाला दिले, म्हणजे कुणाला नव्यानं काही शिकायला नको.

"मग एक टीप का नाही लिहिली त्यावर?" माझा आवाज चढला. साहेबांवर मी पहिल्यांदाच चिडले होते. "एक ओळ. एक ओळ लिहिली असती तर मी हात लावला असता का?"

"चूक झाली," ते म्हणाले. "मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि तुला काम दिलं तेव्हा तर विचारसुद्धा केला नाही. तू वडगावची."

 मी जाऊन टेबलाशी बसले, फाइल उघडली, आणि तिथं माझ्या जिवात पुन्हा जीव आला. कारण सगळ्या लायब्ररीत आता नावं होती. आकडे फक्त ह्या एका यादीत. आठवड्यापूर्वी हे बदलायचं म्हटलं असतं तर चौदा फाइली उपसायला लागल्या असत्या आणि तरी एखादा आकडा कुठंतरी लपून बसला असता. आता मला फक्त ही यादी बदलायची होती. शून्य, ठीक. एक, बाणा. दोन, ताणा. तीन, धोटा. चार, बीम. पाच, ब्रेक. बाकीचे सगळे बिघाड मी अकरापासून पुढं नेले, कारण दोन हातांची बोटं दहाला संपतात आणि बोटांवर दाखवता येणारा आकडा मला दुसऱ्या कशालाही द्यायचा नव्हता. कंपाइल केलं. एकही चूक नाही. अण्णा मागं उभे होते. "एवड्यातच झालं?" त्यांनी विचारलं. एवढ्यातच झालं होतं. मी खुर्ची गरकन फिरवली आणि त्यांच्या पायावर चढवली.

शनिवारी पुन्हा शेडमध्ये गेलो. भिंतीवरचा तक्ता मी स्वतः फाडून काढला. अण्णांनी वायर काढली, पॅनेलवर पाच आला. आईनं हात मागं घेतला, सरकली, आणि वळून आक्कांना पंजा दाखवला. त्यात ते एक बोट इतरांहून जास्तच ताठ होतं. आक्कांनी आपल्या मागावरून तसाच पंजा परत दाखवला. वायर जोडल्यावर आईनं कांडी उचलली आणि मला डाव्या हाताची मूठ दाखवून कामाला लागली.

दुपारी माग बंद झाल्यावर ती पायरीवर चहा घेत बसली होती. मी समोर बसले, ओठ दिसतील असं बोलले. ब्रेकला एक नंबर मीच दिला होता, तुझ्या बोटामुळं दिला होता, सगळ्यात आधी दिसावा म्हणून, हे सगळं सांगितलं. तिला कळायला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं कप खाली ठेवला आणि ते न वाकणारं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"आगं, एका बोटाला लई घाई असतीया," ती म्हणाली. "भ्या दावायचं असंल तर अख्खा हात लागतोय."

कान गेलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं बोलली, त्यामुळं आक्कांनाही ऐकू गेलं आणि त्या हसल्या. मी लगेच फोन काढून ते वाक्य लिहून घेतलं.

सोमवारी बोर्ड निपाणीला जायच्या आधी मी हेडर फाइल शेवटची एकदा उघडली. पहिल्या पाच आकड्यांच्या वर टीप लिहिली: हे आकडे विणणाऱ्यांच्या बोटांचे आहेत, कुणीही बदलू नयेत. त्याखाली आईचं वाक्य तिच्या बोलीत, जसंच्या तसं. कंपायलर टीपा वाचत नाही, सरळ ओलांडून पुढं जातो. माझ्या जागेवर पुढं जी कुणी येईल ती वाचेल, मग ती वडगावची असो नाहीतर नसो.